कानपिळीचा शर्ट

ये. दार लोटून घे, कडी नको,
पंखा एकच आहे आणि अमळनेरचा वैशाख आहे.
दोंडाईच्याहून उभ्यानं आलास, आधी पाणी पी.

कापड चांगलं आणलंस.
बहिणीनं निवडलं? तिला कळतं.
गडद आहे, जाडसर आहे,
अंगाला चिकटून चुगली करणार नाही.

टेप लावण्याआधी विचारतो, लावू?
नको असेल तर जुना शर्ट काढून दे, त्यावरून घेतो.
…बरं.

मी छाती शेवटी लिहितो वहीत.
आधी खांदा.
शिवण हाडाच्या टोकावरच बसली पाहिजे,
खाली ओघळली की माणूस
कुणाचे तरी मागून आणलेले कपडे घालतो.
राग नको धरू, तू तसाच आलायस.
मीही तसाच फिरलो चार वर्षं,
दोन मापं मोठ्या शर्टात.
वाटतं लपलो. पण ढगळ कापड बरोबर
कमरेखाली जाऊन अडतं
आणि नको तेच सांगतं.

टक्स घालणार नाही. एकही नाही.
हे कुठं शिकलो सांगू?
बोरीपलीकडच्या महिला शिवणक्लासात.
आईनं घातलं होतं, पोरगी वळणावर यावी म्हणून.
सहा महिने ब्लाऊजला टक्स घातले,
बाई म्हणायच्या, हात फार सुबक आहे गं.
ज्याला घालता येतात
त्यालाच कुठले काढायचे ते कळतं.

काज डावीकडे, बटणं उजवीकडे.
थोडे दिवस बोटं चुकतील.
छातीवर दोन खिसे, झाकणाचे.
त्यांत काही ठेवू नकोस, पेनसुद्धा नाही.
ते खिसे नाहीत, कुंपण आहे.
लांबी झिपच्या मध्यापर्यंत, बाहेरच सोड.
पँट सरळ, चुण्या नकोत,
सीटला अर्धा इंच मोकळी, मोरी आठ.
पँटचे खिसे मात्र खरे आणि खोल,
मूठ मनगटापर्यंत जाईल एवढे.

आत काय बांधलंयस ते विचारत नाही,
पण मघापासून श्वास अर्धाच घेतोयस.
क्रेप बँडेज असेल
तर पडद्यामागं जा, सोडून ये.
माझी ही बरगडी बघ, अजून थंडीत बोलते.
बाइंडर घे, मापाचा. आठ तास, फार तर.
त्यात झोपायचं नाही,
आणि चव्वेचाळीस डिग्रीत आठही नाहीत.
हळदीला नुसती जाड बनियन घाल.
शर्टाचं काम शर्टाला करू दे,
हाडांना नको लावू.

नाव काय लिहू?
आधारवरचं नको रे. पावतीला आधार लागत नाही.
लोकेश.
लोकेश, दोंडाईचा. मोबाइल सांग.

आता हात वर कर.
अजून.
मुंढा खोल कापला की हात उचलताच
अख्खा शर्ट वर चढतो, म्हणून वरच घेतोय.
थोरलीच्या लग्नात चुलतभावानं पिळला म्हणालास
नवरदेवाचा कान,
आणि तू मागं, करवल्यांच्या रांगेत,
हिरवा परकर सावरत.
धाकटीनं मात्र कापडात चिठ्ठी घडी करून ठेवलीय,
तू उघडली नव्हतीस वाटतं?
घे, वाच. दोनच ओळी आहेत.
"दुसरा कोणी नही.
कान मना भाऊच पिळी."

बस जरा. घाई नाही, पुढचं गिऱ्हाईक चारला आहे.

गुरुवारी ट्रायल.
जाताना या शर्टाच्या बाह्या दोन घड्या वर घे,
दंडाच्या अर्ध्यावर. हां.
आरशात नंतर बघ, आधी चालून बघ.

कान जोरात पिळ, दुहेरी टीप मारतोय.
शिलाई नंतर.
नवरदेव कानपिळीला शर्टपीस देतो, माहितीय ना?
तो घेऊन ये इकडेच.
माप नव्यानं घ्यावं लागेल,
तेव्हा तू पुरा श्वास घेऊन उभा असशील,
इंचभर तरी वाढेल.