सूचना क्रमांक सात

रात्री पावणेदोनला कितामुरासाननी दार वाजवलं.
पायात मोजे, हातात फोन, तोंडावर माफी.
त्यांच्या वकिलातीचा निरोप आला होता:
वरच्या धरणातून पाणी सुटलंय,
मुठेकाठी राहणाऱ्या आमच्या नागरिकांनी सावध राहावं.

आमच्या म्हणजे त्यांच्या.
विठ्ठलवाडीच्या या अंगाला त्यांचा एकूण एक नागरिक,
तिसऱ्या मजल्यावर, अकरा महिन्यांच्या करारावर.

पानाला चारशे रुपये घेऊन मी
चाकणच्या कारखान्यातली यंत्रं मराठीत आणते.
झोपेतही तो हात चालू होतो.
कागदपत्रं दोन पिशव्यांत, एकीत एक.
चप्पल नको, बूट; पाण्याखाली गटाराचं झाकण नसेलही.
लिफ्टला हात लावू नका.
शिट्टी गळ्यात ठेवा,
ओरडणाऱ्याचा दम आधी संपतो.
चाळीस वर्षं या गावात काढली,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि सातवी:
परिस्थिती बदलत राहील,
स्थानिक लोक सांगतील तसं वागा.

कितामुरासान फोन खिशात ठेवून
माझ्याकडे बघत उभे राहिले.
स्थानिक लोक म्हणजे मी,
गाऊनवर ओढणी घेतलेली.

जिन्यातून वाकून पाहिलं.
तळमजल्यावर खिलारे काकू रचत होत्या
पलंगावर गव्हाची कोठी, कोठीवर स्टूल,
स्टुलावर शिलाई मशीन.
पार्किंगमध्ये तुळशीदास वॉचमन
टॉर्चचा झोत पाण्यावर मारत होता,
भटकं कुत्रं हाकलावं तसा.
महापालिकेची भोंग्याची गाडी येऊन गेली म्हणे,
पण पलीकडच्या गल्लीत.

मग कठडा धरून मी मोठ्यानं वाचायला घेतलं
आणि पहिल्याच ओळीला अडखळले.
त्यांच्याकडे तिथे एकच शब्द,
आपल्याकडे दोन.
कारखान्याच्या कागदात ही चूक मी कधी करत नाही.
वाचलं: 'आपल्या नागरिकांनी ताबडतोब वर यावं.'
वर यावं, हेही मुळात नव्हतं.
सही-शिक्का कुणी विचारला नाही.
आधी मशीन वर आलं, मागून काकू.

पहाटे वकिलातीचा फोन.
सुखरूप आहात? तिथे किती जण आहात?
कितामुरासाननी पायऱ्यांवरून नजर फिरवली:
पेंगणारे, बिस्किटं मोडणारे,
एकाच चार्जरवरून भांडणारे,
तुळशीदासच्या गळ्यात त्यांची लाल शिट्टी.
म्हणाले, बावीस.

पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग बहुतेक पुन्हा विचारलं.
त्यांनी वाकून क्षमा मागितली, फोनलाच,
आणि बोट न दाखवता, नुसत्या मानेनं
सगळ्यांना परत मोजलं.

तेवीस.
खिलारे काकू गच्चीत गेल्या होत्या,
पाणी कुठवर आलंय ते बघायला.