ओहोटीतलं काम

दालकावेच्या धक्क्याशी
पाणी ओसरलं की होड्या कुशीवर कलंडतात
आणि मला सहा तास मिळतात.
सहा तासांत खरवडायचं, रंगवायचं, सुकवायचं.
नंतर समुद्र कुणाचं ऐकत नाही.

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं काढली,
होड्यांवर, बेकरीवर, शाळेच्या बसवर,
एकदा शवपेट्या विकणाऱ्याच्या काचेवरसुद्धा,
सोनेरी, सावली टाकून.
माझं स्वतःचं नाव कुठे लिहिलेलं असेल
तर ते किराणावाल्याच्या उधारीच्या वहीत.

शब्द दिला, हातात हात दिला, झालं.
आमच्या बेटावर कागद मागणं म्हणजे
समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं.
एलेउतेरियोची होडी मी तीनदा रंगवली.
आधी बायकोचं नाव.
बायको निघून गेली ओसोर्नोला, मग मुलीचं.
मुलगी आईकडे गेली, मग एका संताचं,
संत कुठे जात नाही म्हणून ते टिकलं.
पैसे एकदाचेच मिळाले.
"होडीला नाव एकच आहे ना?" म्हणाला.
मोजून पाहिलं, तर खरंच एकच होतं.

हे ऐकून सगळे हसतात.
माझी भाची यास्ना हसली नाही.
कॉफीचा कप बाजूला सारून
तिने मुलाच्या वहीतलं एक पान फाडलं:
अक्षरं किती, उंची किती.
रंगाचा खर्च कुणाचा.
निम्मे पैसे डबा उघडायच्या आधी,
निम्मे पाणी चढायच्या आधी.
नाव बदललं तर ते नवं काम.
पाऊस आला तर दोष कुणाचाच नाही.
खाली दोन रेघा, सह्यांपुरत्या.
मी म्हटलं, एवढंच?
म्हणाली, मामा, वकिलाला बसायला
यात जागाच ठेवली नाही.

पहिल्यांदा तो कागद पुढे केला
तेव्हा माझे कान तापले होते.
एलेउतेरियोने बोट टेकवून वाचला,
ओठ हलवत, जपमाळ ओढावी तसा.
मग वर बघून म्हणाला,
"आणि तू पिऊन आलास तर?"
ते राहिलंच होतं.
मी लिहिलं.
तो इतका खूश झाला
की आगाऊ पैसे मोजताना एक नोट जास्त आली,
आणि त्याने ती परत मागितली नाही.
मी परत दिली. आता कागद होता ना.

पण मला सांगायचं होतं ते रोसामेलबद्दल.

रोसामेल सुतार. तो होड्या बांधायचा,
मी त्यांची बारशी करायचो.
त्या मोठ्या लाँचच्या कामाचे
तो म्हणे साठ हजार ठरले, मी म्हणे नव्वद.
साक्षीला वाईनचे दोन ग्लास,
तेही रिकामे.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.
तेच तर वाईट.
खोटं असतं तर कधीतरी पकडलं गेलं असतं,
शिव्या दिल्या असत्या, मिटलं असतं.
अकरा वर्षं एकाच उतारावरून
तो डाव्या कडेने गेला, मी उजव्या.
त्याची बायको वारली तेव्हा
मी चर्चच्या बाहेर उभा होतो,
आत गेलो नाही.

परवा ओहोटीला तो आला.
टोपी हातात. बोलला नाही काही,
चिखलात टेकलेल्या एका लहान होडीकडे
हनुवटीने खूण केली,
आणि खिशातून चिठ्ठी काढली:
नातीचं नाव.

मी पिशवीतून वही काढली.
ब्रश धरून जो कधी हलला नाही
तो हात पेन धरून हलत होता.
अक्षरं किती. उंची किती. पैसे किती.
पैसे मी आकड्यांत लिहिले,
मग शब्दांत,
मग दोन्हींखाली रेघ मारली.
त्याने न बघताच पेन घेतलं, सहीला वाकला.
मी त्याचं मनगट धरलं.

"वाच," म्हणालो.
अकरा वर्षांतला पहिला शब्द.

तो खिशात चष्मा चाचपू लागला,
या खिशात, त्या खिशात.
पाणी परत फिरलं होतं,
आणि होडीवर अजून
एकही अक्षर नव्हतं.