दाताळं

एप्रिल सरताना सारेमा बेटावरचं बर्फ जातं,
थंडी जात नाही.
ट्रॅक्टरच्या मागे मी दाताळं अडकवते.
तीन खुंट्या, बत्तीस वाकडे दात.
खरं तर एकतीस.
बत्तिसावा गेल्या साली एका काळ्या दगडानं मोडला,
तो दगड आता सौनाच्या पायरीला आहे
आणि मी त्याच्यावर पाय ठेवते
जरा जोरातच.

बाप बांधावर, घडीच्या खुर्चीत.
हेल्डूर, वय एक्क्याऐंशी, कवळी खिशात.
म्हणतो, वारा कवळीत शिरून शिट्ट्या मारतो.

दगडाला पाझर फुटत नाही म्हणतात.
पाझर त्याच्या खाली असतो.
हिवाळाभर तिथं गोठतो, फुगतो,
दगडाला बूड धरून उचलतो
वर्षाला बोटभर.
शेजारचा माइदो म्हणतो, आपलं मुख्य पीक हेच,
बटाटे आपले मधे मधे.

दुसरा गिअर. दाताळं तिरकं.
लिव्हर ओढली की दात मातीत उतरतात
आणि चमच्यांचा खण फरशीवर पालथा व्हावा
तसा आवाज सुरू होतो, संध्याकाळपर्यंत.
माती फटीतून निसटते,
दगड गडगडत कडेला जातात, एका ओळीत,
मुठीएवढे, पावाएवढे,
एखादा झोपलेल्या कुत्र्याएवढा.

दुपारी डबा खाताना बाप सांगतो
(दरवर्षी सांगतो, मी दरवर्षी हसते):
कोल्होझच्या दिवसांत शाळा बंद ठेवून
आम्हाला दगड वेचायला न्यायचे.
दोन पोरांत एक बादली.
मुकादम रोज ढीग मोजायचा,
म्हणून आम्ही कालच्या ढिगातले दगड
आजच्या ढिगात टाकायचो.
तीन वर्षं तेच दगड मोजले गेले.
वहीत हे शेत केव्हाच साफ झालंय, हेल्वे,
तू उगाच डिझेल जाळतेस.

चारच्या सुमाराला त्यानं काठी वर केली.
मी इंजिन बंद केलं.
तो ढेकळांतून चालत आला, खुर्चीविना, काठीविना,
आणि ओळीतल्या एका चपट्या दगडाशी वाकला.
अंगठ्यानं माती पुसली.
छिन्नीनं कोरलेली फुली, खाली एक आकडा.

हा मी पुरलाय, म्हणाला.
म्हणजे आज्यानं पुरला. मी कंदील धरला होता.
एकोणपन्नास सालचा मार्च, मी सहा वर्षांचा.
सगळ्यांच्या हद्दी पुसून एक शेत होणार होतं,
आज्या म्हणाला, दगडाला खाली झोपू दे,
बांधाला ठाऊक असेल आपण कुठं होतो.

मग मान वर करून:
कुठून आणलास हा?

मी मागे पाहिलं.
विंचरलेली माती, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
कुठं खड्डा नाही, खूण नाही.
तो दहा पावलं फरफटत आला असेल,
किंवा शंभर.
माइदो बांध कोरणाऱ्यातला नाही,
आणि कागदावर हद्द केव्हाच ठरली आहे, शिक्क्यासकट.
हे आम्हा दोघांना माहीत होतं.
तरी उभे राहिलो.

बापानं खिशातून कवळी काढली,
बंडीला पुसून तोंडात बसवली,
वाटलं, आता काहीतरी मोठं बोलेल.
तो म्हणाला, चालव. अंधार पडेल.

दगड ओळीतच ठेवला.
फक्त तिथून जाताना
मी लिव्हर उचलत राहिले,
दोन हात रुंदीचा पट्टा तसाच राहिला,
मुठीएवढ्या, पावाएवढ्या दगडांचा.

माइदोनं कुंपणावरून विचारलं, काय बिघडलं?
मी म्हटलं, एक दात कमी आहे.