झाकली मूठ

चिलोएच्या दक्षिण टोकाला रस्ता संपतो, तिथे
पत्र्याच्या छपराची प्रयोगशाळा.
एल्सिरा नावेलकीन चंचुपात्रावर एरिसो उपडा धरते,
समुद्रातलं साळिंदरच ते, मोसंब्याएवढं, हिरवट,
आणि सुई टोचून वाट बघते.
अंडी गळतात, पेजेसारखी.

एकेक अंडं म्हणजे बंद घर.
बाहेर समुद्रात चुना उदंड,
आत त्याचा दहा हजारावा हिस्साही नाही.
उंबऱ्यावर पंप बसलेले, रात्रंदिवस उपसणारे,
गळक्या होडीतून पाणी काढावं तसे.
साठू दिला तर आतल्या आत दगड होईल,
हे पेशीला कुणी शिकवलं कोण जाणे.

आणि आत तो असतो, कॅल्मोड्युलिन.
नाव भारदस्त, काम हरकाम्याचं.
स्वतः काही तोडत नाही, काही जोडत नाही,
चार ओंजळी रिकाम्या धरून नुसता बसलेला.

शुक्राणू टेकतो.
एल्सिरा दिवा मालवते, घड्याळ दाबते.
अंड्याच्या एका कडेला उजेड लागतो
आणि सरकत सरकत पलीकडच्या कडेला जातो.
बावीस सेकंद.
हा चुना बाहेरचा नव्हे, आतल्याच कोठारातला,
कुलूप लावून ठेवलेला.
चारी ओंजळी भरतात, त्याचं अंग उलगडतं,
ज्याच्या दंडाला हात बसेल त्याला तो विळखा घालतो.
कुणाला म्हणतो ऊठ, कुणाला म्हणतो थांब,
आणि उंबऱ्यावरच्या पंपालाही तोच जाऊन हलवतो:
पुरे झालं, काढ आता बाहेर.

एल्सिराला हे सगळं पाठ आहे.
तरी दर वेळी ती श्वास धरून ठेवते.
ही खोड बापाची.

रुदेसिंदो एरिसोच काढायचा.
अठरा वाव खाली, पिवळी नळी दातांत,
वर होडीत कॉम्प्रेसर आणि त्याच्याशेजारी पुतण्या.
किती मिळाले ते बायकोलाही सांगायचा नाही.
झाकली मूठ, आपण म्हणतो ना, तसा.
ऑगस्टातल्या एका सकाळी कॉम्प्रेसर खोकला.
पुतण्याने नळी ओढली.
नळी हलकी आली.

दुपारी त्याला किनाऱ्यावर आणला तेव्हा उजवी मूठ आवळलेली.
ओर्तेन्सियाने बोटं चोळली, गरम पाण्याचं फडकं ठेवलं,
कानाशी वाकून सांगितलं, रुदे, सोड.
शेजारणी म्हणाल्या, समुद्राचं काहीतरी धरून आलाय,
देणार नाही तो.

पुढे कितीतरी वर्षांनी, वर्गात, एल्सिराने वाचलं:
श्वास थांबला की पंपांना इंधन नाही.
कोठारातला चुना गळत राहतो.
स्नायूत कॅल्मोड्युलिनचा एक चुलतभाऊ असतो,
तो ओंजळी भरून बसतो ते बसतोच,
धाग्यात धागा अडकतो,
आणि सोडवायला कुणी उरत नाही.
मिटायला ताकद लागते हे तिला ठाऊक होतं.
उघडायलाही लागते,
हे त्या पानावर होतं.
तिने खाली रेघ मारली नाही. पान दुमडलं.

तिसऱ्या दिवशी मूठ आपसूक सैल झाली होती.
आत काहीच नव्हतं.
एक तुटका काटा, तळव्यात रुतलेला,
तो आईने काढला आणि चहाच्या बशीत ठेवला.
बशी बरेच दिवस तशीच होती.

सूक्ष्मदर्शकाखाली अंड्याभोवतीचं पांघरूण फुगून वर आलंय,
आता दुसऱ्या कुणाला आत वाट नाही.
उजेड विझला. पंपांनी आपलं काम केलं.
एल्सिरा वहीत लिहिते: तरंग, बावीस सेकंद, मग शांत.
पेन ठेवताना तिला दिसतं,
डावा हात मांडीवर मिटलेला आहे,
कधीपासून कोण जाणे.
ती एकेक बोट उघडते.
करंगळी शेवटी.

बाहेर फेरीचा भोंगा.
ती पुढचं पात्र सरकवून घेते.