रतीब

पिठाच्या गिरणीवरची खोली, भाडं अडीच हजार.
खाली पट्टा सुरू झाला की वर टेबल थरथरतं
आणि दुपारपर्यंत कीबोर्डवर नाचणीचा थर.
डिचोलीत जागा मिळते हल्ली,
खाणी थांबल्यापासून.

दरपत्रक मीच केलं :
महिन्याला चार लेख, चार हजार.
आठ घेतले तर सात.
पैसे पहिल्या तारखेला, दूधवाल्यासारखे,
आमच्याकडून खाडा झाला तर वळते.
आणि शेवटचं कलम, लहान अक्षरात :
लिहिणाऱ्याचं नाव कुठेही येणार नाही.

आई म्हणाली, रतीब दुधाचा घालतात गं.
लिहिण्याचा रतीब म्हणजे शिवीच की.
मी म्हटलं, असू दे.
शिवी तर शिवी, महिन्याला बिल फाडता येतं.

लिहिणारे तिघे.
शर्वाणी, साखळीच्या शाळेत तासाच्या बोलीवर,
मेपासून घरी.
फ्लाविया, मस्कतहून परतलेली नर्स,
झोप रात्रपाळीची राहून गेलीय, म्हणून पहाटे तीनला पाठवते.
आणि माजीक. खाणीच्या वजनकाट्यावर बावीस वर्षं.
त्याचं इंग्रजी काट्यासारखं,
ट्रक चढला, थांबला, आकडा, उतरला.
मी तिघांच्या इंग्रजीतून मराठी निवडते,
तांदळातले खडे निवडावेत तशी.
कधी एखादा ठेवून देते.

पहिल्या महिन्यात कांदोळीच्या हॉटेलने
उत्तरच दिलं नाही.
म्हापशाच्या दातांच्या डॉक्टरने नमुने मागितले, फुकट,
तीन घेतले, दोन वापरले,
आणि मग म्हणाला, आमचा भाचा लिहितो बरं.

पैसे देणारा पहिला माणूस कायतान लोबो,
शवपेट्या करणारा.
दुकानात फणसाच्या लाकडाचा वास, पॉलिशचा वास,
भिंतीला टेकून उभ्या आठ-दहा, लहान-मोठ्या,
लहानांकडे मी पाहिलं नाही.
पणजीत नवा एकजण आलाय, म्हणाला,
त्याचं सगळं फोनवर दिसतं, माझं काहीच नाही.
चार हजार रोख मोजले.
जिन्यावर माझ्या लक्षात आलं :
दर आठवड्याला शवपेटीवर काय लिहायचं?

शर्वाणी नको म्हणाली.
फ्लाविया म्हणाली, मी तिथवर पोचवलीत माणसं, पुढचं मला नाही जमणार.
माजीक काहीच बोलला नाही. शुक्रवारी लेख आला.

'माप कसं घ्यावं'.

घरच्यांना उंची विचारू नका, असं लिहिलं होतं.
त्यांना आठवत नाही, आठवलं की रडतात.
एखादा शर्ट मागा,
दारामागे खुंटीला असतोच.
खांदे तिथे कळतात.
बाकी लांबी सुताराने आपल्या मनाने धरावी,
चार बोटं जास्त. कमी कधीच नको.
जोडे मागू नका.
जोडे उंबऱ्याबाहेर असतील तर असू द्या.

खाली एक ओळ माझ्यासाठी :
चारशे ठरले होते, चारशे बारा झाले.
वरचे बारा धरू नका.

मी त्या रात्री एकही खडा काढला नाही.
माजीकच्या घरी कोण कोण आहे,
हे मी कधी विचारलंच नव्हतं.
बँकेचा नंबर तेवढा घेतला होता.

कायतानच्या मुलीने त्याला वाचून दाखवला.
दुसऱ्या दिवशी त्याचा फोन,
मागे रंधा बंद :
"हें कोणें बरयलां गो?"

कलम मीच घातलेलं, एका दमात टाइप केलेलं.
म्हटलं, आमची टीम आहे.

तो गप्प.
मग म्हणाला, वर्षाचे घे.
आणि त्या टीमला सांग,
पेटी लागली तर माझ्याकडे ये म्हणावं, पैशांचं मग बघू.
आणि घाईघाईने : आत्ता नव्हे गो, आत्ता नव्हे.

शब्दाला रुपया.
मी माजीकला चारशे बारा पाठवले.
सोमवारी तो जिना चढून आला, पहिल्यांदाच,
दारातूनच हात पुढे केला,
दहाचं एक नाणं, दोनचं एक.
"काटा म्हणजे काटा, बाय."

चहा नको म्हणाला. गेला.
खाली गिरणी सुरू झाली.
दोन्ही नाणी टेबलावर वाजत, सरकत
कडेपर्यंत आली,
आणि मी हात लावायचा की नाही, बघत बसले.