रकाना क्रमांक नऊ

विद्यापीठाच्या अर्जात नववा रकाना आहे:
'प्रशिक्षक म्हणून आपली भूमिका. शब्दमर्यादा दोनशे.'
आठ भरून झाले. नाव, पत्ता, बी.पी.एड.चं वर्ष,
जिंकलेल्या स्पर्धा दोन,
त्यातली एक समोरचा संघ आलाच नाही म्हणून.

मानोऱ्याच्या आमच्या कॉलेजचं मैदान
पावसाळ्यात म्हशींचं,
दिवाळीनंतर लग्नाच्या मंडपवाल्यांचं,
उरलेले दिवस आमचं.
फक्की संपली की चुलीतली राख आणते करुणा डाखोरे,
तिच्या रेघा माझ्याहून सरळ येतात.

मला शिकवलं धाबेकर सरांनी.
'पाय मोडला तरी चालेल, खांब सुटता कामा नये.'
मी ते पाठ केलं, जसं पाढे करतात,
आणि पहिल्याच वर्षी तसंच्या तसं
निकिता आडेला म्हणून दाखवलं.
तिचा घोटा वांग्याएवढा सुजला होता.
पट्टी बांध, म्हटलं. ऊठ.
ती उठली.
आम्ही तालुका जिंकलो, फोटो आहे, ऑफिसात लावलाय,
निकिता एका पायावर उभी आहे
हे फोटोत कुणाला दिसत नाही.

जूनमध्ये ती आलीच नाही.
मी तांड्यावर गेले. उंबऱ्यात बसून तूर निवडत होती.
माझ्यासाठी बाज टाकली, पाणी दिलं,
मग खाली बघतच बोलली,
'मॅडम, तुम्ही नुसतंच खो म्हनलं.
पाठीले हात लावलाच नाई.
फाउल झाला तो.'

परतताना एस.टी.त मला बसायला जागा होती,
मी उभीच राहिले.

खो-खोत बसलेलीला मागचं दिसत नाही.
एकीचं तोंड उगवतीला, दुसरीचं मावळतीला,
आणि पाठ सगळ्यांची उघडी.
कोण येतंय ते पावलांवरून ओळखायचं,
बोटं टेकली की झेपावायचं.
एवढा विश्वास मी कुणावर टाकलाय, आठवत नाही.

आता सरावाआधी विचारते, जेवलीस का.
दीक्षा इंगोले रोज हो म्हणते, रोज खोटं.
म्हणून डब्यात दोन भाकरी जास्त.
ओरडते अजून, नाही असं नाही.
गेल्या वर्षी अमरावतीत एका गुणानं गेलो,
आणि कारंज्याच्या स्टँडवर या पोरी
भजे खाऊन खिदळत होत्या, तेव्हा
धाबेकर सर माझ्या घशाशी आले होते.
मी मिरची चावली.
करुणानं तिच्या हातातलं भजं मोडून
अर्धं माझ्यापुढे धरलं, काहीच न बोलता.
ते घ्यायला मला वेळ लागला.

क्लार्क दारातून विचारतो,
'झालं का जी मॅडम? रकाना कोरा नाही चालत.'

मी लिहिते:
'शेवटची एस.टी. पाच दहाला असते.'
पाच शब्द.
उरलेले एकशे पंच्याण्णव
कुणाला हवे असतील तर मैदानावर यावं,
साडेतीनला,
आणि येताना मागून यावं,
पाय वाजवत.