चौथा चौथरा

एल आल्तोच्याही पलीकडे, चार हजार मीटरवर,
माणसाआधी पंपाला धाप लागते.
हवाच पातळ. समुद्रकाठी ती पाण्याला
दहा मीटर वर ढकलते, फुकटात;
इथे सहावर हात टेकते.
पुस्तकातली कोष्टकं समुद्रकाठच्या माणसांनी केलेली.
ती मी पहिल्याच रात्री मिटली.

म्हणून खड्डा.
टाकीच्या तळाहून अडीच मीटर खाली पंपघर,
म्हणजे पाणी आपल्या पायांनी
पंपाच्या तोंडाशी येईल, ओढावं लागणार नाही.
वस्तीच्या सभेत हे सांगितलं, तेव्हा
दोन-तीन हॅटांखाली हसू फुटलं.
"पाणी टेकडीवर हवंय, इंजिनियरीणबाई,
आणि तुम्ही खाली खणताय?"
खडूनं रेघ मारली. पुसली.
म्हटलं, लामासुद्धा उठायच्या आधी गुडघे टेकून बसलेला असतोच ना.
"तो मागून उठतो आधी,"
बासिलिया तिकोनानं तिथल्या तिथे दुरुस्त केलं.
सभा मंजूर झाली ती बहुधा त्या हशात.

हिशेब माझ्याकडे होता:
आज नऊ हजार, दरसाल सहा टक्के,
वीस वर्षांनी अठ्ठावीस हजार आठशे चौसष्ट.
"यातले ते शेवटचे चौसष्ट कोण?"
बासिलियानं विचारलं, आणि चपला चढवल्या.

मग ती पुढे, मी मागे, धापत.
भिंत आहे, कुलूप आहे, घर नाही:
"हा पोतोसीला खाणीत. मार्चमध्ये बायको आणतोय."
निळं दार: "तीन पोरं. चौथं लिही,
तिला अजून तिनं सांगितलेलं नाही कुणाला."
आणि तिच्याच अंगणात विटांची थप्पी,
वर प्लास्टिक, प्लास्टिकवर दगड.
"हा माझा धाकटा.
साओ पाउलोला शिवणयंत्रावर असतो.
प्लास्टिक दरवर्षी नवं घालते मी, ऊन खातं ते.
याला किती धरलंस?"
ऐंशी लिटर, मी म्हटलं, माणशी, दिवसाला.
"शंभर धर. लहानपणापासून
कान धुतल्याशिवाय जेवत नाही."

मंजुरी तीन पंपांची आली:
दोन चालते, एक विसाव्याला.
चौथ्यावर लाल काट.
पंप गेला; मी चौथरा ठेवला.
काँक्रीट, चार बोल्ट,
मुख्य नळीला एक फाटा, तोंडाला झाकण.
ला पाझहून पत्र: रिकाम्या चौथऱ्याचं प्रयोजन?
लिहिलं: भविष्यातील विस्तार.
सरकारी कागदावर विटांची थप्पी
मावत नाही.

काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी
फ्लोरेन्सियो गवंड्यानं तळात काहीतरी पुरलं:
लामाचं वाळलेलं, न जन्मलेलं पिल्लू,
कोकाची पानं, रंगीत साखर, वर दारूची धार.
मी पाठ करून उभी राहिले, पातळी मोजत असल्यासारखी.
नकाशात त्याची खोली टाकलेली नाही.
जागा मात्र ठाऊक आहे.

परवा गेले होते. आठ वर्षं झाली.
डेल्फिन पाळीवर होता, रेडिओ बारीक.
वीज गेली तेव्हा आम्ही दोघं गप्प झालो:
नव्वद मीटर चढलेलं पाणी
उलट फिरतं, ऐकू येतं ते,
मग हवेच्या टाकीत शिरून
दोनदा खाकरून बसतं.
चौथ्या चौथऱ्यावर त्याची किटली, कोट,
बोल्टाला अडकवलेली टोपी.
मला पाहून आवरायला लागला.
राहू दे, म्हटलं.

येताना बासिलियाच्या अंगणावरून आले.
प्लास्टिक नवं होतं.
थप्पी दोन ओळींनी बुटकी वाटली,
की मीच उंचावरून पाहत होते, कोण जाणे.
विचारलं नाही.

परत खाली उतरले पंपघरात,
डेल्फिनची टोपी काढून त्याच्या हातात दिली,
चारही बोल्टांना ग्रीस लावलं
आणि फडकी गुंडाळली, घट्ट,
सुतळीनं.